ग्नूकॅशमध्ये जोडलेली बिलं लिनक्सवर उघडत नाहीत?

विंडोज 10 चा सपोर्ट ऑक्टोबर 2025 मध्ये संपला म्हणून कोथरूडच्या आमच्या सोसायटीचा हिशेबाचा लॅपटॉप लिनक्सवर नेला. ग्नूकॅश या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधला हिशेब पै न पै जुळला, पण व्यवहारांना जोडलेली बिलं काही उघडेनात. पाण्याच्या टँकरची पावती अजून सी ड्राइव्हच शोधत होती! एकेक बिल पुन्हा जोडत बसू नका.

1. प्रेफरन्सेसमध्ये 'कॉम्प्रेस फाइल्स'ची टिक काढा, फाइल सेव्ह करा, ग्नूकॅश बंद करा.
2. फाइलची एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवा. हे टाळू नकाच.
3. मूळ फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून बिलांच्या जुन्या फोल्डरचं नाव शोधा. तिथला त्या फोल्डरपर्यंतचा पत्ता सुरुवातीच्या तीन तिरप्या रेघांसकट (///) कॉपी करा आणि 'रिप्लेस ऑल'ने नवा पत्ता घाला. नव्यातही तीनच रेघा हव्यात. फोल्डरच्या नावात मोकळी जागा असेल तर तिथे %20 लिहा.

फाइल एक्सएमएल, म्हणजे साध्या मजकुरासारखी वाचता येणाऱ्या, प्रकारची असेल तरच हे जमतं.

तरीही एखादं बिल रुसलंच, तर इंग्रजी नावातलं कॅपिटल अक्षर बघा. विंडोजला फरक पडत नाही, लिनक्सला पडतो. आमची लिफ्टची दोन बिलं तेवढ्यासाठीच अडली होती.