ईमेलनं बग टाकताय? मग बगचा नंबर सोडू नका

बऱ्याच जुन्या ओपन सोर्स प्रोजेक्टमध्ये बग टाकायला अकाउंट, लॉगिन, फॉर्म असलं काही लागत नाही, साधा ईमेल केला की झालं. डेबियन या लिनक्सवर चालणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमची डेबबग्ज ही बग नोंदवायची सिस्टीम 1994 पासून अशीच चालतेय, आणि ग्नू इमॅक्स या टेक्स्ट एडिटरचे बगसुद्धा डेबबग्जवरच जातात. मला ही पद्धत मनापासून आवडते, कारण सगळी चर्चा एका जागी, जशीच्या तशी राहते आणि कोणालाही वाचता येते. म्हणूनच लॉग (प्रोग्रामने लिहिलेल्या नोंदी) चिकटवण्याआधी त्यातले पासवर्ड वगैरे काढा, नंतर काही करता येत नाही.

आधी ज्या पॅकेजमध्ये, म्हणजे डेबियनमधल्या ज्या सॉफ्टवेअरमध्ये, बग दिसला त्याचे जुने बग चाळा. तोच बग आधीच असेल तर त्याच्याच नंबरवर तुमची माहिती पाठवा.

नवीन असेल तर डेबियनच्या सबमिट पत्त्यावर मेल करायचा. मजकुराची पहिलीच ओळ 'पॅकेज:' आणि पुढे पॅकेजचं नाव, दुसरी ओळ 'व्हर्जन:', मग एक ओळ मोकळी सोडायची आणि तिथून पुढे तुमचं म्हणणं. हे शब्द इंग्रजी अक्षरांतच हवेत, कारण ते आधी प्रोग्राम वाचतो, त्यामुळे वर नमस्कार-चमत्कार नको. रिपोर्टबग ही कमांड वापरली तर हे सगळं आपोआप भरलं जातं, नवख्यांनी तीच वापरावी.

सब्जेक्टमध्ये नुसतं 'क्रॅश होतंय' लिहू नका. '2 जीबीपेक्षा मोठी फाइल उघडताना क्रॅश' असं लिहिलं की मेंटेनरला (पॅकेज सांभाळणाऱ्याला) मेल न उघडताच अंदाज येतो. आत काय केलं, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं एवढं सांगा, एरर कॉपी करून टाका, स्क्रीनशॉटमधली एरर शोधता येत नाही. कारणाबद्दल तुमचा अंदाज असेल तर तो अंदाज म्हणूनच शेवटी लिहा. आणि मेल प्लेन टेक्स्टच हवा, लिनक्स कर्नलच्या लिस्टवर तर एचटीएमएल मेल घेतच नाहीत.

आता नंबर. मेल पोचला की उत्तरात बगचा नंबर येतो, तो येईपर्यंत थांबा. मी एकदा थांबले नाही, राहिलेला लॉग परत सबमिटलाच पाठवला आणि एकाच गोष्टीचे दोन बग झाले, मग ते मर्ज करायला वेगळा मेल. पुढचं सगळं त्या नंबरच्या पत्त्यावर जातं. कोणाला सीसी करायचं असेल तरी पहिल्या मेलमध्ये साधा सीसी नको, कारण त्यांनी रिप्लाय-ऑल केलं की तो सबमिटला जाऊन आणखी एक नवा बग तयार होतो, त्यासाठी 'एक्स-डेबबग्ज-सीसी' हे हेडर (मेलच्या वरच्या माहितीतली ओळ) आहे.

सिव्हिॲरिटी (बग किती गंभीर आहे ते) बदलणं, टायटल सुधारणं, दोन बग जोडणं हे डेबबग्जच्या कंट्रोल पत्त्यावर, एका ओळीत एक कमांड. शेवटी 'थँक्स' लिहिलं की प्रोग्राम तिथं थांबतो, खालची सही कमांड म्हणून वाचत नाही.

आधी चालत होतं आणि आता बिघडलं असेल तर गिट बायसेक्ट (कोणत्या बदलानं बिघडलं ते निम्मं-निम्मं करत शोधणारी कमांड) करून बघा, 1000 कमिट (कोडमध्ये नोंदवलेले बदल) असले तरी साधारण 10 टेस्टमध्ये नेमका कमिट सापडतो, आणि तो मेलमध्ये टाकला की मेंटेनरचं अर्धं काम तुम्हीच केलेलं असतं.

बग बंद झाल्याचा मेल आला की नवीन व्हर्जन टाकून स्वतः तपासा, अजून तसंच असेल तर कंट्रोलला 'फाउंड', बगचा नंबर आणि ते व्हर्जन पाठवा, आणि काय दिसलं ते त्याच नंबरवर लिहा.