कुंडीतल्या निवडुंगाला फुले यावीत म्हणून
मॅमिलारियासारखा लहान, फुलणारा निवडुंग सोलापुरात घरात लावताना शेतातील काळी माती टाळावी, कारण ती पाणी धरून ठेवते आणि मुळे कुजतात. त्याऐवजी जाड वाळू, विटांचा चुरा आणि थोडे कुजलेले शेणखत मिसळून, तळाला छिद्र असलेल्या मातीच्या कुंडीत तो लावावा. माती पूर्ण कोरडी झाल्यावरच पाणी द्यावे. पूर्वेच्या खिडकीतील सकाळचे ऊन उत्तम. एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांवर जातो तेव्हा दुपारच्या उन्हापासून मात्र त्याला जपावे, कारण काटेरी असला तरी तोही भाजतो. फुलांची खरी मेख हिवाळ्यात आहे, आणि नेमके तेच अनेकांकडून राहून जाते: डिसेंबर-जानेवारीत पाणी जवळजवळ बंद ठेवून भरपूर उजेड दिल्यास रोपाला विश्रांती मिळते आणि कळ्या धरतात. त्या दिसू लागल्यावर पाणी हळूहळू वाढवावे.