बालवाडी शिक्षणाच्या कोर्सला बसण्याआधी

बालशिक्षणाचा डिप्लोमा करायचं ठरलं की सगळे आधी दाखल्यांच्या मागे धावतात. दाखले काही दिवसांत हाती येतात. कान आणि डोळा तयार व्हायला महिने जातात. म्हणून सुरुवात तिथून करा, जमलं तर प्रवेशाच्या तीन महिने आधी.

आधी कान. गोव्यात मराठी बालवाडीत बसलेलं मूल घरी बहुधा कोंकणी बोलतं. ‘म्हाका उदक जाय’ म्हणजे मला पाणी हवं. इथं वाढलेल्याला हे सांगायला नको, पण सीमेपलीकडून आलेल्या मराठी कानाला तो ‘जाय’ ‘जा’सारखा ऐकू येतो, आणि तहानलेलं मूल बाथरूमच्या दिशेने पाठवलं जातं. ‘नाका’ म्हणजे नको, ‘घरा वचपाचें’ म्हणजे घरी जायचंय. वस्त्यांमधून कन्नड बोलणारी मुलंही येतात. त्यांच्यासाठी ‘नीरु’ (पाणी), ‘बेकु’ (हवं), ‘बेडा’ (नको) एवढं तरी यावं. तहान, भूक, शी, शू, दुखणं, आई, घर असे पंचवीस-तीस शब्द प्रत्येक भाषेत एका वहीत लिहून पाठ करा. पहिल्या आठवड्यातलं निम्मं रडणं आपलं म्हणणं कुणाला कळत नाही म्हणून असतं.

डोळ्याची तयारी म्हणजे नोंद. जवळच्या अंगणवाडीत किंवा बालवाडीत बाईंची परवानगी काढून आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी वीस मिनिटं एका कोपऱ्यात बसा. मुलांचे फोटो काढायचे नाहीत, वहीत नावंही नकोत. ‘मुलगा हट्टी आहे’ ही नोंद नव्हे, तो निकाल झाला. नोंद अशी हवी: ‘९.४०. बादलीजवळ तिघं. एकाने डबा ओढला. दुसऱ्याने दोन्ही हातांनी धरून ठेवला, “म्हजो” म्हणाला, तीनदा. मग रडला.’ यात हट्ट कुठेच नाही, मालकी आहे आणि शब्दांची टंचाई आहे. नवखे लोक इथेच घसरतात. आधी मत बनतं, मग मताला जुळेल तेवढंच दिसतं. वहीचं पान उभं दुभागा: डावीकडे दिसलं ते, उजवीकडे वाटलं ते. उजवी बाजू घरी जाऊन भरा.

हाताचं काम त्यामानाने सोपं. कात्री, फाडकाम, घडीकाम रोज पंधरा मिनिटं. मळायचा गोळा स्वतः करून बघा: दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, दोन मोठे चमचे तेल, चिमूटभर हळद आणि पाऊण वाटीच्या आसपास पाणी. पाणी थोडंथोडंच घाला. आपल्याकडच्या पावसाळ्यात मीठ हवेतला ओलावा ओढतं आणि दुसऱ्या दिवशी गोळा हाताला चिकटतो. तेव्हा पाणी कमी ठेवा, वरून मूठभर मैदा मळा, बुरशीचा वास आला की फेकून द्या. तीन वर्षांच्या हाताला पेन्सिलीआधी हा गोळा द्यायचा, कारण बोटांना दाब देणं जमल्याशिवाय अक्षराचं वळण येत नाही. पालक ‘अजून लिहीत कसा नाही’ विचारतीलच. उत्तर तयार ठेवा.

स्वयंपाकातल्या तिसऱ्यांचे शिंपले खेळाला छान, पण आधी उकळून घासा आणि धारदार कडा असलेले बाजूला काढा. गणपतीच्या डोक्यावर बांधतात त्या माटोळीतली फळंपानं गट करायला मांडताना लक्ष असू द्या. कवंडळ हे रानफळ दिसायला लालचुटूक असलं तरी खायचं नसतं.

बडबडगीतं अभिनयासह पंधरा पाठ हवीत. स्वतःच्या सोयीने खर्जात धरलेलं गाणं मुलांना पेलत नाही, तेव्हा जरा वरच्या पट्टीत म्हणायची सवय करा. गोष्ट पाच मिनिटांची.

प्रथमोपचार मात्र टाळू नका. चिंचोके, मणी, अख्खे शेंगदाणे, अख्खी द्राक्षं घशात अडकतात. वर्षावरचं मूल खोकू-बोलू शकत नसेल तर पुढे वाकवून खांद्यांच्या मध्ये पाच थाप, मग बेंबीच्या वर पाच झटके, आळीपाळीने. दुसऱ्याला १०८ लावायला सांगा. तोंडात आंधळेपणाने बोट घालू नका, वस्तू आणखी आत जाते. हे वाचून येत नाही, प्रशिक्षकाकडे बाहुल्यावर करून बघा.

आता कागद. शिक्षक शिक्षणाच्या राष्ट्रीय परिषदेच्या २०१४च्या नियमांनुसार पूर्वप्राथमिकचा डिप्लोमा दोन वर्षांचा, प्रवेशाला बारावीत ५० टक्के. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने ३ ते ८ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा केलाय, म्हणून पहिली-दुसरीची पुस्तकंही चाळून ठेवा. पुढे सरकारी नोकरीचा विचार असेल तर मामलेदार कचेरीतून पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो, तो वेळेत मागा. प्रती काढल्या की प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवा. जुलैत कपाटातली फाईल पांढुरकी होते आणि शिक्का पुसट होतो.