यंदा उसाचा फड तुटला की काडी लावू नका, पाला रानातच राहू दे

मंडळी, कारखाने सुरू झालेत, टोळ्या आल्यात, आणि कोल्हापूर जिल्ह्यात रोज संध्याकाळी गगनबावडा रोड असू दे नायतर जयसिंगपूरकडची बाजू, कुठंबी जावा, उसाच्या पाल्याचा धूर हायच. तोड झाली, वाडं (उसाचे हिरवे शेंडे) गेलं, की दुसऱ्या दिवशी काडी. का पेटवतासा विचारलं तर उत्तर ठरलेलं, रान स्वच्छ होतंय, पाणी सरळ जातंय आणि हुमणी (मुळं खाणारी अळी) मरते. पहिली दोन कारणं थोडीफार खरी हायत, त्याचं पुढं बोलू, पण हुमणीचं साफ खोटं. तोडीच्या दिवसात हुमणी वर नसतेच, अळी खोल जाऊन कोषात गेलेली असते, नायतर भुंगेरा होऊन वळवाच्या पावसाची वाट बघत मातीत बसलेला असतो. वरचा पाला दहा-पंधरा मिनिटात जळून जातो, त्याची झळ तिथवर पोचत नाही. हुमणीला धरायचं तर मे-जूनमधी पहिला वळीव झाला की अंधार पडताना बाभळीवर, कडुनिंबावर भुंगेरे जमतात तेव्हा फांद्या हलवून गोळा करायचे आणि रॉकेलच्या पाण्यात टाकायचे, प्रकाश सापळा लावायचा. आणि हे सगळ्या गावानं एकदम करायचं, एकट्यानं करून उपयोग नाही.

आगीत मरतं ते आपल्या बाजूचं. जुन्या लोकांना 2002 साल आठवत असेल, पांढरा लोकरी मावा आला होता, पानं काळी पडली, चिकटा सगळीकडं, औषध मारून मारून लोक दमले. शेवटी तो आटोक्यात आणण्यात मोठा वाटा डिफा आणि मायक्रोमस या मित्रकिडींचा होता, त्या मावा खातात आणि उसाच्या पानावरच वाढतात. खोडकिडीची अंडी नासवणारा ट्रायकोग्रामा हा मित्रकिडा तर डोळ्याला दिसणार नाही एवढा बारका, आपण त्याची कार्डं विकत आणून पानाला टाचतो आणि चार महिन्यानं त्याच रानाला काडी लावतो, काय म्हणायचं याला. बांधावरचं करंज, जांभूळ एका बाजूनं भाजून निघतंय ते वेगळंच, पाच-सहा वर्षं असं झालं की ते झाड वाळतंय आणि मग आपणच म्हणतो सावली करत होतं, गेलं ते बरं झालं.

आता हिशोब बघा. एकरी साधारण तीन ते चार टन पाला निघतो. त्यात नत्र अर्ध्या टक्क्याच्या आसपास, पालाश पाऊण ते एक टक्का, आणि सेंद्रिय कर्ब तीसेक टक्के. जाळला की कर्ब आणि नत्र धुरात जातंय, राख उरते तिच्यातलं थोडं पहिल्या पाण्यात वाहून जातंय. माती परीक्षणाचा कागद घरात असला तर काढून बघा, सेंद्रिय कर्ब 0.40 च्या खाली असेल तर तो कमी धरतात, आणि अशा रानात पोत्यावर पोती ओतून टनेज वाढत नाही हे आता सगळ्यांनाच कळायला लागलंय.

तर करायचं काय. खोडवा, म्हणजे जमिनीत राहिलेल्या बुडख्यातनं पुन्हा फुटणारं पीक, 15 फेब्रुवारीच्या आत तुटलेल्या उसाचाच धरा, नंतरचा नको. तोड झाली की बुडख्यावरचा पाला सरीत ओढून घ्या, बुडखे मोकळे दिसले पाहिजेत. टोळीनं वर सोडलेले बुडखे धारदार कोयत्यानं जमिनीलगत छाटा, हे काम कंटाळवाणं हाय पण टाळू नका, वरच्या डोळ्याचे कोंब फुसके निघतात, जमिनीखालच्या डोळ्याचे जोमदार. छाटल्या छाटल्या कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक 10 लिटर पाण्याला 10 ग्रॅम घेऊन बुडख्यावर फवारा. मग सरीतल्या पाल्यावर एकरी 32 किलो युरिया, 40 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 4 किलो पाला कुजवायचं कल्चर टाका. कल्चर शेणखतात मिसळून टाकलं तर सगळीकडं पसरतंय. युरिया आणि कल्चर एकत्र मिसळू नका, आधी खत, मग कल्चर, मग पाणी. पाल्याची कुट्टी करणारं मशीन गावात असेल तर उत्तम, नसलं तरी अडत नाही, अख्खा पालासुद्धा तीन-चार महिन्यात कुजतो.

बरेच जण म्हणतात पाला ठेवला आणि खोडवा पिवळा पडला. पडणारच, पाल्यावर टाकायचा तो युरिया टाकलेला नसतोय. पाला कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्र लागतंय, ते तुम्ही दिलं नाही तर ते उसाच्या वाट्याचं घेतात.

खोडव्याचं खत पहारीनं द्या. एकरी 100 किलो नत्र, 46 स्फुरद, 46 पालाश, यातलं निम्मं तोडीनंतर 15 दिवसाच्या आत आणि राहिलेलं निम्मं 135 दिवसानं बेटाच्या दुसऱ्या बाजूला. बुडख्यापासून चार-सहा बोटं लांब, वीतभर खोल, फुटाफुटावर भोक, खत घालून माती ढकलली की झालं. पाला असल्यामुळं बगला (सरीच्या कडा) फोडायच्या नाहीत, भांगलणीचा खर्चबी बराच वाचतोय. भोकं पाडायला माणूस मिळत नाही म्हणून वरनं खत फेकू नका, पाणी न देता पाल्यावर तसाच पडलेला युरिया उडून जातो.

पाण्याचं. पाला भरल्यावर पाटपाणी हळू जातंय हे खरं, म्हणून एकाआड एक सरीत पाला दाबा आणि मोकळ्या सरीनं पाणी द्या. पुढं दोन पाळ्यातलं अंतर वाढवता येतं, ओल टिकते. शिरोळ, हातकणंगल्याकडं जिथं मीठ फुटतंय तिथं पाल्याचं झाकण जास्तच कामाचं, उन्हानं पाणी वर खेचलं जायचं कमी होतंय आणि मिठाचा पांढरा थर कमी येतोय. पण निचराच नसेल, चर बुजलेत, सरीत पाणी तुंबतंय, तर आधी चर काढा, नुसता पाला घालून चोपण (क्षारानं घट्ट झालेलं) रान सुधारणार नाही.

पूरपट्ट्यातल्यांनी एक काम आधी करा. पंचगंगेचं पाणी ज्या फडात जास्त दिवस थांबलं होतं तिथं चार-पाच ठिकाणी बुडखा उपटून चिरून बघा, आतनं लाल-काळा आणि आंबूस वास असेल तर खोडव्याच्या नादाला लागू नका, हरभरा नायतर धैंचा (हिरवळीचं खत) करून रानाला विसावा द्या. बुडखे चांगले हायत पण मधी नांग्या (रिकाम्या जागा) हायत तर ट्रेमधली एक डोळ्याची रोपं लावून घ्या.

उंदराचं आणि सापाचं भ्या खोटं नाही. पाल्यात उंदीर होतात, उंदरामागं साप येतात. रानात पाच-सहा फुटाचे पक्षीथांबे रोवा, रात्री घुबड बसतंय. धामण दिसली तर काठी उगारू नका, ती आपलंच काम करत्या. पण विषारी घोणसबी असते, म्हणून पाल्यात जाताना गमबूट, रात्री पाणी पाजताना बॅटरी, आणि चावलं तर कुठं थांबायचं नाही, थेट दवाखाना.

मुकादमाशी तोडीच्या आधीच बोलून घ्या की ऊस पेटवून तोडायचा नाही. जळीत उसाला कारखाना कपात लावतो, उतारा (उसातनं निघणारी साखर) पडतो, ते सगळं तुमच्याच बिलातनं जातंय. शिवाय त्या बायाबापड्यांची पोरं फडाच्या कडेलाच झोपवलेली असतात.

आणि शेजारी पेटवणारच असेल तर भांडत बसू नका, वारं पडलंय का बघून त्याला वेळ ठरवायला लावा, आपल्या बाजूच्या दोन सऱ्यातला पाला आत ओढून घ्या आणि तेवढा पट्टा आदल्या दिवशी भिजवून ठेवा. डोंगराकडच्या रानात, पन्हाळा, राधानगरी, भुदरगडच्या बाजूला, हा पट्टा जास्त रुंद ठेवा, तिथनं आग गवतात शिरली की वर डोंगरापर्यंत थांबत नाही.