प्रौढ पुरुषाच्या अंडकोशात अचानक वेदना : वृषणाचा पीळ कसा ओळखावा

पहाटे पोटात कळ आली आणि दोनदा उलटी झाली, एवढेच सांगणारा तिशी-पस्तिशीचा पुरुष प्राथमिक आरोग्य केंद्राच्या बाकावर वाकून बसलेला असतो, तेव्हा दुखण्याची खरी जागा पोट नसून अंडकोश असू शकते. शेजारी सासरे उभे असतील आणि समोर परिचारिका असेल, तर ‘खाली दुखून राह्यलं’ हे शब्द त्याच्या ओठांवर येत नाहीत. शिवाय वृषणाची वेदना ओटीपोटात आणि जांघेत जाणवते, त्यामुळे तो खोटे बोलतो असेही नाही. म्हणून ओटीपोट दुखणाऱ्या प्रत्येक पुरुषाला पडद्याआड नेऊन, नातेवाइकांना बाहेर थांबवून, पायजमा उतरवूनच तपासावे.

वृषण ज्या रज्जूला लोंबकळते त्याला पीळ पडला की आधी अशुद्ध रक्ताचा परतीचा मार्ग बंद होतो, वृषण सुजते, आणि मग शुद्ध रक्तही आत येईनासे होते. हा आजार बहुतांशी १२ ते १८ वर्षे वयोगटातला, आणि चाळिशीतल्या माणसाच्या बाबतीत चूक होते ती नेमकी याच माहितीमुळे, कारण वय पाहताच मनात जंतुसंसर्ग येतो आणि पिळाचा विचारच मागे पडतो. पीळ पडल्यापासून सुमारे ६ तासांत तो सुटला तर दहापैकी नऊ वृषणे वाचतात, १२ तासांनी जवळपास निम्मी आणि २४ तासांनंतर फारच थोडी. हे आकडे ढोबळ आहेत. पीळ अर्धवट असेल तर वृषण अधिक काळ तग धरते, त्यामुळे ‘आता उशीर झाला’ असे ठरवून कोणालाही घरी पाठवू नये.

पहिला प्रश्न वेळेचा. रुग्णाला घड्याळातली वेळ सांगता येत नसेल, तर ओलिताला जाण्याआधी की नंतर, कोंबडा आरवला होता का, असे विचारावे. पिळाची वेदना एकदम सुरू होते, पुष्कळदा झोपेतून उठवते, आणि तिच्याबरोबर मळमळ किंवा उलटी असते. संसर्गाची वेदना मात्र दोन-तीन दिवसांत चढत जाते व तिच्या जोडीला लघवीची जळजळ, मूत्रमार्गातून स्राव किंवा ताप असतो. पूर्वी अशीच कळ येऊन आपोआप थांबली होती का, हे आवर्जून विचारावे, कारण पीळ पडतो व सुटतो असे अनेकदा होऊन मग एके दिवशी तो सुटत नाही. बैलाची लाथ बसली किंवा सायकलवरून पडलो, असे सांगितले तरी समाधान मानू नये. मार लागल्यानंतरही पीळ पडू शकतो.

तपासताना आधी निरोगी बाजूला हात लावावा, म्हणजे तुलनाही होते आणि रुग्णाचा विश्वासही बसतो. दुखरे वृषण वर चढलेले आहे का, उभे असण्याऐवजी आडवे पडले आहे का, हाताला टणक लागते का, हे पाहावे. मांडीच्या आतल्या बाजूवरून हलकेच बोट फिरवल्यावर त्या बाजूचे वृषण वर उचलले जाते. हा प्रतिक्षेप नसणे पिळाच्या बाजूने जाते, पण तो निरोगी प्रौढांतही कधी कधी मिळत नाही आणि क्वचित पीळ असतानाही मिळतो. अंडकोश उचलून धरल्यावर वेदना कमी झाली म्हणजे पीळ नाही, हा जुना ठोकताळा मी तरी विसरून जावा असेच म्हणेन. सुरुवातीच्या तासांत फक्त वृषणामागची अधिवृषण नावाची, शुक्राणू साठवणारी नळी दुखरी असेल तर संसर्गाकडे कल जातो. नंतर सगळेच सुजते आणि हा भेद हाताला कळत नाही. अंडकोशाची एक बाजू रिकामी असून जांघेत दुखरी गाठ लागत असेल, तर न उतरलेल्या वृषणालाच पीळ पडला असण्याची शक्यता असते. जांघेतील अडकलेला हर्निया आणि मुतखडाही याच वेळी तपासून घ्यावा. मधुमेही रुग्णाची त्वचा काळवंडलेली असेल व दाबल्यावर कुरकुरत असेल, तर तो वेगळाच, पण तितकाच तातडीचा आजार आहे.

पूर्व विदर्भात एक अडचण अधिक असते. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया आणि नागपूर या जिल्ह्यांत हत्तीरोग आढळत आला आहे, आणि त्याचे तापासह येणारे झटके वृषण व रज्जू सुजवतात. अंडवृद्धी, म्हणजे अंडकोशात पाणी साचणे, जुनी असेल तर पाण्याच्या पिशवीत वृषण हाताला लागतच नाही. अशा वेळी ‘याला तर आधीपासूनच आहे’ असे म्हणून डीईसीच्या, म्हणजे हत्तीरोगावरच्या, गोळ्या देणे धोक्याचे आहे. जुनी सूज आणि नवी, अचानक आलेली वेदना या दोन गोष्टी वेगळ्या मोजाव्यात.

ट्विस्ट नावाच्या गुणांकनात वृषणाची सूज व टणकपणा यांना प्रत्येकी २, आणि प्रतिक्षेप नसणे, मळमळ वा उलटी, वर चढलेले वृषण यांना प्रत्येकी १ गुण मिळतो. ५ किंवा अधिक गुण म्हणजे थेट शस्त्रक्रियेकडे. ते मुळात मुलांसाठी तयार झाले, म्हणून प्रौढात कमी गुण आले तरी त्यावर विसंबू नये. लघवीत पू-पेशी नसल्या तर संशय वाढतो, असल्या तरी तो जात नाही. डॉपलर सोनोग्राफी हाताशी असेल तर उत्तमच. दोन्ही बाजूंचा रक्तप्रवाह आणि रज्जूचा भोवऱ्यासारखा वळसा पाहायला सांगावे. मात्र अर्धवट पिळात प्रवाह दिसतो, आणि चित्र स्पष्ट असेल तर केवळ सोनोग्राफीसाठी तालुक्याला अर्धा दिवस घालवणे म्हणजे वृषण घालवणे.

धारणीहून अमरावती सुमारे दीडशे किलोमीटर, तेही घाटातून. भामरागडहून गडचिरोलीचा रस्ता त्याहून लांब. म्हणून संशय येताच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि जिथे शल्यचिकित्सक व भूलतज्ज्ञ दोघेही हजर आहेत अशा रुग्णालयाला आधी फोन करून खात्री करून घ्यावी. गाडी येईपर्यंत वेदनाशामक द्यावे, ते दिल्याने निदान झाकले जात नाही. हाताने पीळ सोडवण्याचा प्रयत्नही करता येतो: वृषण आतून मांडीच्या दिशेला, पुस्तक उघडावे तसे फिरवावे, वेदना वाढली तर थांबून उलट दिशेने पाहावे, कारण सुमारे एकतृतीयांश रुग्णांत पीळ विरुद्ध बाजूचा असतो. कळ एकदम थांबली तरी रुग्णाला पाठवायचेच, कारण पीळ अर्धवट राहू शकतो आणि दोन्ही वृषणे टाके घालून स्थिर करावी लागतात. चिठ्ठीवर वेदना सुरू झाल्याची वेळ, शेवटचे खाणे-पिणे, दिलेली औषधे आणि सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची स्थिती लिहावी. विदर्भात ही शेवटची नोंद भूलतज्ज्ञाला हमखास लागते. एक वृषण काढावे लागले तरी दुसरे निरोगी असल्यास संसार आणि मूल होणे यांत सहसा अडचण येत नाही, हे रुग्णाला आणि त्याच्या पत्नीला गाडीत बसवण्यापूर्वी सांगावे, नाहीतर शस्त्रक्रियेच्या भीतीने गाडी अर्ध्या वाटेवरून एखाद्या वैदूच्या दाराकडे वळू शकते.