धिंगरी अळिंबीचं सुक्कं आणि तांबडा-पांढरा: मटणाविना कोल्हापुरी ताट कसं करावं

श्रावण लागला की कोल्हापुरात अनेक घरांतून मटणाचं पातेलं महिनाभर माळ्यावर जातं. जीभ मात्र माळ्यावर टाकता येत नाही. काहींनी मटण कायमचं सोडलंय, काहींना डॉक्टरांनी सोडायला लावलंय. अशांसाठी अळिंबी, म्हणजे आपलं मशरूम, चांगलं कामाला येतं. फक्त ते भाजीसारखं फोडणीत टाकून शिजवलं तर भाजीच होते. आधी पाणी काढायचं, मसाला नंतर. पुढची सगळी खटपट त्यासाठी आहे.

कुठली अळिंबी घ्यायची

सुक्क्यासाठी धिंगरी घ्या. शिंपल्यासारखी पसरट असते आणि तिला उभे धागे असतात. हे धागेच दाताखाली मटणाच्या रेषांसारखे लागतात. बटण मशरूमला असे धागे नसतात, ते खिम्याला ठीक. चौघांसाठी अर्धा किलो धिंगरी आणा, आणि शक्यतो सुटी न घेता झुबके घ्या. कोरडी आणि घट्ट हवी. चिकट झालेली, पिवळी पडलेली किंवा आंबूस वासाची परत करा. घरी आणल्यावर प्लॅस्टिकमधून काढून कागदी पिशवीत, फ्रिजमध्ये ठेवा.

आणि पावसाळ्यात राधानगरी-गगनबावड्याकडे फिरायला गेलात तर रानात उगवलेली अळिंबी हौसेनं तोडून आणू नका. विषारी आणि खाण्याजोग्या जाती दिसायला सारख्या असू शकतात, आणि शिजवल्यानं सगळं विष जातंच असं नाही.

दाबून भाजणं

ताज्या अळिंबीत साधारण नव्वद टक्के पाणी असतं. म्हणून पाण्यात भिजत घालू नका. नळाखाली झटकन धरून पंचावर कोरडी करा. बुडखे कापा, पण टाकू नका.

बिडाचा तवा चांगला तापवा. झुबके त्यावर पसरा, चिमूटभर मीठ टाका आणि वर जड भांडं ठेवा. पाणी भरलेलं सपाट बुडाचं पातेलं चालतं. तेल अजून नको. चारपाच मिनिटांत चर्र आवाज येऊन पाणी सुटेल, ते एका वाटीत ओतून घ्या. झुबका उलटा, पुन्हा दाबा. आवाज कमी होऊन कडा तांबूस होईपर्यंत असं उलटपालट करत राहा. मग चमचाभर शेंगतेल सोडा आणि दोन्ही बाजू खरपूस करा. अर्धा किलोचा ऐवज जवळपास निम्मा होईल. घाबरू नका, तसाच व्हायला हवा.

इतकं भाजल्यावर चोथा होईल अशी शंका येते. तसं होत नाही, कारण अळिंबीच्या पेशींच्या भिंतींत कायटिन नावाचं चिवट द्रव्य असतं आणि ते स्वयंपाकाच्या आचेला टिकतं. वांगं गळतं, अळिंबी गळत नाही. उलट पाणी गेल्यावर ती घट्ट होते आणि मसाला आत ओढून घेते.

आता झुबके धाग्यांच्या दिशेनं हातानं फाडा, मटणाच्या फोडीएवढे तुकडे ठेवा. आलं-लसणाची गोळी, हळद, कांदा-लसूण चटणी आणि अर्धं लिंबू चोळून अर्धा तास मुरू द्या.

अळणी

मटणाचा रस्सा मुळात अळणीवर, म्हणजे मटण शिजवलेल्या पाण्यावर, उभा असतो, आणि इथं हाडही नाही, चरबीही नाही. इथंच बहुतेकांचा रस्सा पातळ पाण्यासारखा होतो. बुडखे, एक चिरलेला कांदा, ठेचलेला लसूण, आलं, कोथिंबिरीच्या काड्या आणि वाटीतलं ते सुटलेलं पाणी, हे सगळं दीड लिटर पाण्यात अर्धा तास मंद उकळा. मीठ बेतानं, वाटीतलं पाणी आधीच खारट आहे. सुकी शिताके मशरूम मिळाली तर दोनतीन टाका, चव लगेच दाट होते. हळद घालू नका, याच अळणीचा पांढरा करायचाय. गाळून घ्या.

सुक्कं आणि तांबडा

कांदा तेलावर लालसर परता. सुकं खोबरं, तीळ, खसखस आणि धणे वेगवेगळे भाजा. खोबरं काळं पडलं तर रस्सा कडू होतो. कोथिंबिरीसह सगळं बारीक वाटा. शेंगतेल नेहमीपेक्षा थोडं सढळ घ्या, चरबीची जागा भरायची आहे. त्यात तेल सुटेपर्यंत वाटण परता, मग चटणी घाला. संकेश्वरी मिरचीची असेल तर झणका, रंगासाठी सोबत ब्याडगी.

यातलं निम्मं वाटण काढून त्यात मुरलेले तुकडे टाका, दोन पळ्या अळणी घाला आणि आटेपर्यंत परता. झालं सुक्कं. उरलेल्या वाटणात निम्मी अळणी गरमच ओता आणि तवंग वर येईपर्यंत उकळा. मूठभर तुकडे शेवटी टाका.

पांढऱ्यासाठी काजू, खसखस आणि पांढऱ्या तिळाची गंधासारखी बारीक पेस्ट हवी. तेलात लवंग, मिरी, दालचिनी आणि हिरवी मिरची टाका, पेस्ट परता, उरलेली अळणी घाला. नारळाचं दूध सगळ्यात शेवटी, मंद आचेवर. खळखळून उकळलं की ते फाटतं.

मटणाचा तो वास यातून येणार नाही, त्याच्यामागे लागूही नका. फारच हवासा वाटला तर सुक्क्यात वाटी ठेवून तिच्यात पेटता निखारा ठेवा, त्यावर तेल टाका आणि पाच मिनिटं झाकण लावा.

खिमा आणि प्रथिनं

बटण मशरूम बारीक चिरून कोरड्या कढईत पाणी आटेपर्यंत परतलं की खिमा तयार. त्यात भिजवून पिळलेले सोयाचे दाणे निम्म्यानं मिसळाच. १०० ग्रॅम ताज्या अळिंबीत जेमतेम ३ ग्रॅम प्रथिनं असतात, मटणात २० ग्रॅमच्या वर. मटणातून मिळणारं बी-१२ही अळिंबीवर भागत नाही. म्हणजे चवीला पर्याय मिळाला, प्रथिनांना मसूर-चवळी ताटात असूच द्या.

सुक्कं फ्रिजमध्ये दोन दिवस चांगलं राहतं, दुसऱ्या दिवशी तर जास्त मुरलेलं लागतं. गरम करताना मायक्रोवेव्ह नको, तव्यावर परता. पांढरा मात्र त्याच दिवशी संपवा.