डायनासोर जमवायचेत? आधी पोटाखाली बघा

क्रॉफर्ड मार्केटजवळ अब्दुल रेहमान स्ट्रीटवर पिशवीत भरलेले डझनभर डायनासोर मिळतात, सगळे एकाच साइजचे, हिरवे नाहीतर तपकिरी, आणि आपल्यापैकी बऱ्याच जणांची सुरुवात तिथूनच झालेली असते, माझी पण तिथूनच. त्या पिशवीला मी नावं ठेवणार नाही, लहानपणी तिने मला खूप आनंद दिलाय. पण आता नीट कलेक्शन करायचं मनात असेल तर त्यातला एक उचला, उलटा करा आणि पोटाखाली बघा. मेड इन चायना असेल, नाहीतर काहीच नसेल. मग सफारी लिमिटेड, पापो, श्लाइश, कलेक्टा या मॉडेल बनवणाऱ्या कंपन्यांचा कुठलाही एक उलटा करून बघा, कंपनीचं नाव असतं, साल असतं, बरेचदा प्राण्याचं नाव पण असतं. हे साल फार कामाचं आहे, का ते पुढे सांगतो.

पहिलं काम म्हणजे काही विकत न घेणं. खरंच सांगतोय. एक महिना नुसतं ठरवा की कशाचं जमवायचं, कारण मुंबईतल्या घरात एक शेल्फ मिळालं तरी खूप झालं आणि जे दिसेल ते घेत सुटलात तर सहा महिन्यात पलंगाखाली खोके सुरू होतात. कोणी फक्त मांसाहारी घेतं, कोणी फक्त समुद्रातले, कोणी एकाच कंपनीचे. मला विचाराल तर काळ नाहीतर जागा पकडून जमवा. एकाच काळातले प्राणी शेजारी उभे केले की शेल्फ बघायला मजा येते आणि आपोआप वाचन पण होतं. टी. रेक्स आणि स्टेगोसॉरस सगळेच शेजारी ठेवतात, पण स्टेगोसॉरस साधारण १५ कोटी वर्षांपूर्वीचा आणि टी. रेक्स साडेसहा-पावणेसात कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे टी. रेक्सला स्टेगोसॉरसपेक्षा आपण जवळचे! हे मला कळलं त्या रात्री मी अख्खं शेल्फ रिकामं करून परत लावलं होतं.

दुसरी गोष्ट स्केल, म्हणजे खरा प्राणी मॉडेलच्या किती पट मोठा ते. बॉक्सवर १:४० किंवा १:३५ लिहिलेलं असेल तर उत्तम, नसेल तर स्वतः काढायचं. शिवणाचा दोरा घ्या, नाकापासून पाठीच्या कण्यावरून शेपटीच्या टोकापर्यंत लावा, मग तो दोरा पट्टीवर मोजा. सरळ पट्टी लावून मोजू नका, शेपूट वळलेली असते त्यामुळे आकडा चुकतो. समजा दोरा ३० सेंटीमीटर भरला आणि प्राणी टी. रेक्स आहे, खऱ्यात साधारण १२ मीटर, म्हणजे १२०० भागिले ३०, झालं १:४०. याच स्केलमध्ये डिप्लोडोकस घ्यायचा तर तो ६० सेंटीमीटरच्या वर जातो आणि व्हेलोसिरॅप्टर जेमतेम ५ सेंटीमीटरचा, बोटाएवढा. म्हणून स्केल ठरवायच्या आधी शेल्फची लांबी मोजा, लांब मानेवाल्यांसाठी लोकांना कपाट बदलावं लागलंय.

आता फिगर हातात आल्यावर काय बघायचं. सगळ्यात आधी मी मनगटं बघतो. दोन पायांवर चालणाऱ्या मांसाहारी डायनासोरांचे तळवे एकमेकांकडे असायचे, टाळी वाजवताना आपले असतात तसे. ज्या फिगरचे तळवे खाली जमिनीकडे, पियानो वाजवल्यासारखे, ते चुकलेलं आहे, आणि अजूनही नवीन फिगर्समध्ये ही चूक सर्रास दिसते. मग बोटं मोजा, टी. रेक्सला दोन, ॲलोसॉरसला तीन. मग शेपूट. जमिनीवर लोळत असेल आणि प्राणी कांगारूसारखा उभा असेल तर ती जुनी कल्पना, शेपूट हवेत आडवी धरून तोल सांभाळलेला असेल तर नवी. मग पिसं. १९९६ ला चीनमधून सायनोसॉरोप्टेरिक्स या डायनासोरचं जीवाश्म जगासमोर आलं त्यात पिसांसारखे तंतू दिसले, पुढे २०१० ला त्याचा रंगही कळला, तांबूस आणि शेपटीवर पट्टे. २००७ ला व्हेलोसिरॅप्टरच्या हाताच्या हाडावर पिसं जिथे रुजतात त्या गाठी सापडल्या. म्हणजे २००७ नंतरचा आणि तरी पालीसारखा गुळगुळीत व्हेलोसिरॅप्टर दिसला तर तो पिक्चर बघून बनवलाय, हाडं बघून नाही.

इथेच पोटाखालचं साल कामाला येतं. स्पायनोसॉरसचंच घ्या. २०१४ ला त्याचे मागचे पाय आखूड होते असं पुढे आलं आणि २०२० ला मोरोक्कोच्या जीवाश्मांवरून त्याची शेपूट वल्ह्यासारखी रुंद निघाली, मग २०१० सालचा स्पायनोसॉरस उंच पायांचा आणि बारीक शेपटीचा असणारच, त्या मूर्तिकाराची काही चूक नाही. मी माझा जुना टाकला नाही, नवा घेऊन बाजूला ठेवला, दहा-बारा वर्षांत आपलं ज्ञान कुठून कुठे गेलं ते दोघांकडे बघून कळतं. म्हणून जुनं मॉडेल चुकीचं आहे म्हणून फेकू नका. कुणा काकांच्या माळ्यावर, परदेशातून आणलेल्या खेळण्यांत, इनव्हिक्टाचे डायनासोर सापडले तर हात जोडून मागून घ्या, ब्रिटिश कंपनी, लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमसाठी १९७४ पासून बनवायची. तसंच सफारीचं कार्नेगी कलेक्शन, पिट्सबर्गच्या कार्नेगी म्युझियमबरोबर १९८८ ला सुरू झालं आणि २०१५ ला बंद झालं, बहुतेक मॉडेल्स १:४० मध्ये. बंद झालेल्या मालाला बाहेर भाव येतो, आपल्याकडे विकणाऱ्याला बरेचदा माहीतच नसतं काय विकतोय.

एक मात्र लक्षात असू द्या, सगळेच डायनासोर नसतात. पाठीवर शीड असलेला डायमेट्रोडॉन प्रत्येक पिशवीत असतो पण तो डायनासोरांच्या कितीतरी आधीचा आणि नात्याने आपल्या सस्तन प्राण्यांना जवळचा. उडणारा टेरानोडॉन, समुद्रातला मोसासॉरस, लांब मानेचा प्लेसिओसॉर, हे पण डायनासोर नाहीत. जमवायचे जरूर, फक्त वेगळ्या फळीवर.

कुठे घ्यायचं? मॉलमधल्या मोठ्या खेळण्यांच्या दुकानात श्लाइश वगैरे मिळून जातं, तिथे हातात घेऊन बघता येतं हा मोठा फायदा, तीनतीनदा रंग बघा कारण एकाच मॉडेलच्या दोन पीसमध्ये डोळ्यांचा रंग वेगळा लागलेला असतो, एक जिवंत वाटतो आणि एक चकणा. होलसेल गल्ल्यांमध्ये सकाळी लवकर जा, दुपारनंतर हातगाड्यांमधून चालायला जागा नसते. चोर बाजारात मटण स्ट्रीटची दुकानं शुक्रवारी बंद असतात पण त्याच दिवशी भल्या सकाळी रस्त्यावर जुना माल मांडतात, तिथे खोक्यात हात घालून शोधायची तयारी पाहिजे. मला तिथे एकदा शिंग तुटलेला ट्रायसेराटॉप्स मिळाला, एम-सीलचं शिंग करून बसवलं, आजही शेल्फवर पहिल्या रांगेत आहे. आणि तिथे साल असलेलं काही दिसलं तर चेहऱ्यावर आनंद दाखवू नका, भाव लगेच दुप्पट होतो.

बाहेरून मागवायचं असेल तर आधी हिशोब करा. फेब्रुवारी २०२० मध्ये खेळण्यांवरची इंपोर्ट ड्युटी २० टक्क्यांवरून ६० वर नेली, २०२३ च्या बजेटमध्ये ७० झाली, आणि १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा झाला. त्यामुळे पीएनएसओसारख्या चिनी कंपन्यांची फार सुंदर मॉडेल्स इथल्या दुकानात सहज दिसत नाहीत आणि मागवली तर किमतीवर ड्युटी आणि कुरियर चढतं. ऑर्डर टाकण्याआधी त्या वेळची ड्युटी बघा आणि एक मोठं घेण्यापेक्षा दोघातिघांनी मिळून मागवा. नकली मालाबद्दल पण सांगायला हवं. मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून पापोचा म्हणून एक घेतला, फोटो खऱ्याचा आणि आला तो हलका, पेट्रोलसारखा वास येणारा, दातांचा पांढरा रंग ओठांवर सांडलेला आणि पोटाखाली गुळगुळीत. तेव्हापासून मी पैसे द्यायच्या आधी पोटाचा फोटो मागतो, खरा माल असेल तर माणूस दोन मिनिटांत पाठवतो, नसेल तर गप्प होतो.

आता मुंबईकरांसाठी सगळ्यात महत्त्वाचं, पावसाळा आणि उन्हाळा. ही खेळणी बहुतेक मऊ पीव्हीसीची असतात, त्यात प्लास्टिक मऊ राहावं म्हणून तेलासारखा पदार्थ घातलेला असतो, तो हळूहळू बाहेर येतो आणि अंग चिकट होतं. एका वर्षी मी दहा फिगर्स घट्ट झाकणाच्या कडक प्लास्टिकच्या डब्यात भरून जूनमध्ये माळ्यावर टाकले, गणपतीत काढले तर सगळे चिकट आणि एक तर डब्याच्या भिंतीलाच चिकटून बसलेला, त्या जागी डबाही विरघळल्यासारखा झाला होता. मी स्पिरिट घेऊन बसलो होतो, आई म्हणाली, "अरे भांडी घासायचा साबण आहे ना घरात, रंग कशाला घालवतोस?" तिचं बरोबर होतं. कोमट पाणी, दोन थेंब लिक्विड सोप, जुना मऊ टूथब्रश, मग पंख्याखाली पूर्ण वाळवायचं. ठेवायचे असतील तर प्रत्येक फिगर साध्या कागदात गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात, एकमेकांना चिकटून नाही. उघड्या शेल्फवर हवा लागते, धूळ बसते पण धूळ परवडली. फक्त पश्चिमेच्या खिडकीसमोर नको, ऊन लागलं की लाल रंग आधी उडतो.

एप्रिल-मेमध्ये दोन पायांवर उभे असलेले सगळे वाकायला लागतात, रोज थोडे थोडे, आणि एक दिवस पहाटे धप्पकन आवाज येतो. घाबरू नका. पातेल्यात पाणी उकळा, गॅस बंद करा, मिनिटभर थांबा आणि वाकलेला पाय त्यात बुडवा. मिनिट-दीड मिनिटात प्लास्टिक मऊ पडतं आणि बरेचदा पाय आपोआप मूळच्या आकारात परत यायला लागतो, बघताना भारी वाटतं. जे राहिलं असेल ते हाताने सरळ करा, रुमाल घ्या कारण चटका बसतो, तसंच धरून बर्फाच्या पाण्यात बुडवा आणि दोन मिनिटं सोडू नका. नंतर छातीखाली ॲक्रिलिकची पारदर्शक काडी टेकू म्हणून लावा म्हणजे पुढच्या उन्हाळ्याची काळजी नको. रंग उडाला असेल तर पाण्यातले ॲक्रिलिक रंग वापरा, ऑइल पेंट मऊ पीव्हीसीवर महिनोन्महिने वाळत नाही.

वही ठेवा. फोनमध्ये नको, खरी वही. नाव, कंपनी, पोटाखालचं साल, स्केल, कुठून घेतलं, कितीला, आणि तो प्राणी कुठे सापडला. या शेवटच्या रकान्यामुळे माझं कलेक्शन बदललं. माझ्या वहीत मोंगोलिया, मोंटाना, मोरोक्को सगळं होतं आणि आपल्याकडचं एकही नाव नव्हतं. मग शोधायला लागलो. गुजरातमधल्या बालासिनोरजवळच्या राहिओलीचा राजासॉरस, २००३ ला नाव मिळालेला. आयसीसॉरस तर आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावचा, इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या आद्याक्षरांवरून नाव पडलं. बारापासॉरस गोदावरी खोऱ्यातला, १९७५ ला नाव दिलं, बंगालीत बडो पा म्हणजे मोठा पाय, आणि पुढचं नाव टागोरेई रवींद्रनाथांवरून, त्याचा सांगाडा कोलकात्यात उभा आहे. यांचे फिगर्स फार थोडे, दिसला की घ्या, वाट बघू नका. हत्ती आवडत असतील तर स्पेनच्या इओफॉना कंपनीचा सरळ सुळ्यांचा हत्ती बघा, त्याचाच भाऊबंद नर्मदेच्या खोऱ्यात राहायचा.

आणि मुंबईतलं काय, असं आमच्या बिल्डिंगमधल्या पोराने विचारलं. दिवाळीत आम्ही कंपाउंडमध्ये किल्ला करतो, मावळे, तोफा, अळीवाचं गवत, आणि दरवर्षी कोणीतरी बुरुजावर डायनासोर ठेवतोच, मोठे लोक ओरडतात. मी त्याला म्हटलं ठेव रे, सह्याद्रीचा हा काळा दगड डायनासोर संपत आले त्या सुमारास वाहिलेल्या लाव्हाचा आहे, अंधेरीची गिल्बर्ट हिल पण लाव्हाचीच, म्हणजे तुझा डायनासोर किल्ल्यावर अगदीच परका नाही. तर तो म्हणाला, पण काका, मुंबईत सापडलेला कोण?

मुंबईत सापडलेला एक बेडूक आहे. वरळीला लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळात सापडला, एवढासा, इंडोबॅट्रॅकस पुसिलस. १८४७ ला त्याचं वर्णन रिचर्ड ओवेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने केलं, ज्याने पाच वर्षं आधी डायनासोर हा शब्द दिला तोच ओवेन. याचं फिगर शोधून शोधून मिळालं नाही, मग दादरला स्टेशनबाहेर एक छोटा रबरी बेडूक घेतला, तपकिरी रंगवला आणि शेल्फवर मुंबईची जागा म्हणून ठेवला. उलटा करून बघितला तर पोट कोरं होतं. परमनंट मार्करने बारीक अक्षरात लिहिलं, इंडोबॅट्रॅकस, वरळी.